राजघराण्यांतले लग्नाचे केक : बघायचे कोणते आणि खायचे कोणते?

वेलदोडा

राजघराण्यात लग्न झालं की चार दिवस पेहरावाची आणि दागिन्यांची चर्चा चालते. केकचा एखादा फोटो येतो, खाली 'आठ मजली केक' अशी ओळ असते आणि विषय तिथेच संपतो. आत काय होतं, तेच का होतं, चवीला कसा असेल, हे कुणी विचारत नाही. मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे माझं लक्ष नेमकं तिथेच जातं. इथे बेकिंग करणारे आणि परदेशात राहणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. मी मुख्यतः ब्रिटिश राजघराण्याबद्दल लिहिते. बाकी देशांची भर तुम्ही घाला.

सुरुवात राणी व्हिक्टोरियापासून. १० फेब्रुवारी १८४० रोजी तिचं आणि प्रिन्स अल्बर्टचं लग्न झालं. केकचं वजन सुमारे ३०० पौंड, म्हणजे आपले १३६ किलो. घेर नऊ फुटांच्या आसपास आणि जाडी १४ इंच. आजच्यासारखे एकावर एक मजले नव्हते, एकच अवाढव्य चाक होतं. सगळी शोभा वर होती. रोमन पोशाखातल्या वधूवरांना आशीर्वाद देणारी ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन, वराच्या पायाशी निष्ठेचं प्रतीक म्हणून कुत्रा, वधूच्या पायाशी पारव्यांची जोडी आणि मांडीवरच्या वहीत लग्नाची तारीख लिहिणारा छोटा क्युपिड. पांढऱ्या फुलांचे लहान गुच्छ साटीनच्या फितीने बांधून वर ठेवले होते. ते पाहुण्यांना द्यायचे होते.

आत होता गच्च फ्रूट केक. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं मोठ्या राजविवाहांत तोच चालला. बाहेरची रचना बदलत गेली. १८५८ मध्ये व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात केक उंच झाला, पण त्याचे वरचे मजले निव्वळ साखरेचे होते. खरोखर खाता येतील असे मजले १८८२ मध्ये प्रिन्स लिओपोल्डच्या लग्नात आले असं मानतात. फ्रूट केकची जागा मात्र कुणी घेतली नाही.

माझं म्हणणं असं. हा केक चवीसाठी निवडलेला नाही, टिकण्यासाठी निवडलेला आहे. लग्नाला जे येऊ शकले नाहीत त्यांच्यापर्यंत तुकडा पोचला पाहिजे, ही त्यामागची कल्पना. नोकरचाकर, दूरचे नातेवाईक, शाळा, इस्पितळं, दुसऱ्या खंडातले स्नेही, सगळ्यांना छोट्या डबीतून तुकडा जायचा. क्रीमचा केक दुसऱ्या दिवशी उतरतो, तो पोस्टाने कसा जाणार? वरचा मजला पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवायचा, हाही रिवाज आहेच. म्हणजे केक वर्षभर तरी राहिला पाहिजे. या कसोटीवर जुने केक मला फार थोर वाटतात. आणि २०१८ मध्ये हॅरी-मेगनच्या लग्नात लिंबाचा स्पंज आला तेव्हा चवीत जेवढं मिळालं, तेवढंच काहीतरी हातचं गेलं असंही वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? एकच तुकडा मिळणार असेल तर कुठल्या लग्नातला घ्याल?

---

लेस्टरची_उन्हं

वेलदोडाताई, विषय माझ्या अगदी शेजारचा काढलात. मी लेस्टरला राहते आणि २०११ च्या विल्यम-केटच्या लग्नाचा केक याच परगण्यातल्या फियोना केर्न्स यांनी केला होता. त्या वेळी इथल्या दुकानांत दुसरा विषय नव्हता.

आठ मजले दिसत होते, पण आतमध्ये एकूण १७ फ्रूट केक होते आणि त्यातले १२ नुसते पायथ्याला लागले. वरून पांढरं आणि फिक्या सायीच्या रंगाचं आयसिंग. साखरेची फुलं-पानं जवळपास ९००, ती १७ प्रकारची, आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचं थिसल, वेल्सचं डॅफोडिल, आयर्लंडचं शॅमरॉक, म्हणजे चारही प्रदेश आले. ओकची पानं आणि फळं बळासाठी, आयव्ही विवाहबंधनासाठी. आणि 'स्वीट विल्यम' नावाचं फूल तर असणारच होतं.

मला सगळ्यात भावली ती एक गोष्ट. केक बकिंगहॅम पॅलेसच्या पिक्चर गॅलरीत मांडायचा होता. त्या दालनाच्या भिंतींवर प्लास्टरच्या माळा आहेत. त्याच माळा केकच्या एका मजल्यावर आयसिंगने काढल्या होत्या. पायपिंग (पिशवीतून आयसिंग दाबून काढायची नक्षी) जोसेफ लॅम्बेथ पद्धतीचं, म्हणजे एका रेषेवर दुसरी, तिच्यावर तिसरी अशी चढवत नेऊन उठाव आणायचा. ज्यांनी नोझल हातात धरलंय त्यांना कळेल, खालची रेषा पुरती सुकल्याशिवाय वरची घालता येत नाही. घाईचं कामच नव्हे ते.

पूर्ण केक इथून लंडनला नेलेला नाही. भाग सुटे नेले आणि राजवाड्यातच जोडणी आणि सजावट पुरी केली.

दुसरा केक विसरू नका! विल्यमच्या खास मागणीवरून मॅकव्हिटीज या बिस्किट कंपनीने चॉकलेट बिस्किट केक केला होता. रिच टी बिस्किटं १,७०० आणि डार्क चॉकलेट १७ किलो. पाककृती राजघराण्याची. याला ओव्हन लागतच नाही. बिस्किटांचे तुकडे चॉकलेटमध्ये घोळवून साच्यात दाबायचे आणि थंड करायचे. मी मुलांच्या वाढदिवसाला करते आणि भांडं चाटूनपुसून साफ होतं. माझा तुकडा तोच.

---

गोडघाशी

मी वेगळ्या बाजूची. मनापासून विचारते, इथे कितीजणांना फ्रूट केक खरंच आवडतो? नाताळात एक तुकडा ठीक. पण लग्नात जेवण झाल्यावर बेदाण्यांनी ठासून भरलेला, त्यावर मार्झिपान, म्हणजे बदाम-साखरेचा लगदा, त्यावर दाताला लागणारं कडक आयसिंग? नको.

१९ मे २०१८ चा केक मला खऱ्या अर्थाने खाणाऱ्यांसाठी केलेला वाटतो. करणाऱ्या क्लेअर टाक. लहानपण कॅलिफोर्नियात, बेकरी लंडनच्या हॅकनी भागात. मेगनने पूर्वी आपल्या ब्लॉगसाठी त्यांची मुलाखत घेतली होती, म्हणजे ओळख जुनी. लिंबाचा स्पंज, त्यावर एल्डरफ्लॉवर या सुवासिक पांढऱ्या फुलांचं सरबत शिंपडलेलं, मध्ये इटलीतल्या अमाल्फीच्या लिंबांचं कर्ड (दही नव्हे, लिंबू-साखर-अंडं-लोणी आटवलेलं सारण) आणि बाहेरून स्विस मेरांग बटरक्रीम, त्यातही एल्डरफ्लॉवर. सामानाची यादी प्रसिद्ध झाली होती ती मी तेव्हा उतरवून ठेवली आहे : २०० अमाल्फी लिंबं, सफोकची ५०० सेंद्रिय अंडी, लोणी २० किलो, मैदा २० किलो, साखर २० किलो आणि सँड्रिंगहॅम इस्टेटवरच्या एल्डरफ्लॉवर सरबताच्या १० बाटल्या.

वर साखरेची फुलं नव्हती. ताजी होती, त्या मोसमात ब्रिटनमध्ये उमलणारी, पिओनी आणि गुलाब वगैरे. आणि मनोरा नव्हताच! वेगवेगळ्या उंचीच्या सोनेरी स्टँडवर सुटे केक मांडले होते. मला ते फार मोकळं आणि देखणं वाटलं. खांब, पुतळे, राजचिन्हं काही नाही. मे महिन्यातली लिंबं आणि फुलं, बस.

---

साखरपाक

अन्नतंत्रज्ञान शिकलोय म्हणून थोडं आतलं लिहितो. वेलदोडाताईंचा मुद्दा बरोबर आहे आणि त्यामागचं कारण समजलं की जुन्या केककडे आदराने बघाल.

फ्रूट केकमध्ये साखर आणि सुकामेवा इतका असतो की पाणी त्यांनी बांधून ठेवलेलं असतं. बुरशीला आणि जिवाणूंना वापरायला मोकळं पाणी उरत नाही. वरून ब्रँडी किंवा रम पाजलेली. ती केक भाजल्यानंतरही थोडी थोडी पाजत राहतात. त्यामुळे तो महिन्यांनी मुरलेल्या लोणच्यासारखा जास्त एकजीव लागतो, ताजा कापला तर उलट कोरडा आणि तुटक वाटतो.

मग मार्झिपान. लोकांना ते नुसतं चवीसाठी वाटतं. त्याची खरी नोकरी भिंतीची. केकमधला ओलावा आणि फळांचा तपकिरी रंग बाहेर आयसिंगपर्यंत पोचू द्यायचा नाही, आणि केकही आतून सुकू द्यायचा नाही. केकला आधी जर्दाळूचा गरम जॅम लावतात, म्हणजे मार्झिपान चिकटतं. ते लावल्यावर एक-दोन दिवस उघडं सुकू द्यायचं. नाहीतर बदामाचं तेल झिरपून पांढऱ्या आयसिंगवर पिवळे डाग येतात.

सगळ्यात बाहेर रॉयल आयसिंग. अंड्याचं पांढरं, आयसिंग शुगर आणि लिंबाचे थेंब. सुकल्यावर दगड होतं, आणि तेच हवं असतं. वरच्या मजल्याचं वजन पेलणारं ते कवच आहे. खायला मऊ राहावं म्हणून अर्धा किलो आयसिंग शुगरला चमचाभर ग्लिसरीन घालतात. पण ज्या मजल्यावर भार येणार, त्याला ग्लिसरीन घालत नाहीत. म्हणजे गोडघाशीताई, तुमच्या दाताला जे लागतं त्यावरच वरचे मजले उभे असतात.

---

वेलदोडा

साखरपाकदादा, फार छान उलगडून सांगितलंत. मार्झिपान सुकवण्याबद्दलचं सगळ्यांनी वहीत लिहून ठेवा.

गोडघाशी, तुझं पटतं. चवीत लेमन स्पंज सरस आहे हे मी नाकारत नाही. पण स्विस मेरांग बटरक्रीम म्हणजे अंड्याचं पांढरं आणि साखर गरम पाण्यावर धरून फेटायचं, साखर पुरती विरघळली की मेरांग करायचं आणि त्यात लोणी. रेशमासारखं होतं, गोडही बेताचं. ते लग्न झालं त्या विंडसरच्या मे महिन्यात चाललं. पुण्याच्या मे महिन्यात, पंख्याखालच्या मंगल कार्यालयात, तासाभरात लोणी घसरायला लागतं. माझ्याकडे मुली तोच फोटो घेऊन येतात, 'अगदी असाच हवा' म्हणतात. मी त्यांना सांगते, हॉल एसी आहे का ते आधी बघा आणि केक कापायची वेळ ठरवा. केक दोन तास मांडून ठेवायचा असेल तर ती शैली आपल्या उन्हाळ्यात नको.

याउलट रॉयल आयसिंगचा शत्रू पावसाळा. हवेतली ओल ओढून घेतं आणि चिकट होतं. जुलैत कोकणात लग्न असेल तर साखरेच्या फुलांची नक्षी मी घेतच नाही.

---

जुनी_पानं

१९४७ चा केक अजून कुणीच आणला नाही! मला तर त्याच्यापुढे बाकी सगळे फिके वाटतात.

२० नोव्हेंबर १९४७. राजकन्या एलिझाबेथ आणि फिलिप. महायुद्ध संपून दोन वर्षं झालेली, पण ब्रिटनमध्ये रेशनिंग चालूच. साखर, लोणी तर होतंच, पण युद्धातही रेशनवर नसलेला पाव १९४६ मध्ये रेशनवर आला होता. साखरेचं रेशनिंग उठायला १९५३ उजाडलं. अशा काळात नऊ फूट उंच, चार मजली, सुमारे ५०० पौंडांचा केक करायचा होता. साखर आणायची कुठून?

ती आली ऑस्ट्रेलियातून. तिथल्या गर्ल गाइड्सनी (मुलींची स्काउटसारखी संघटना) केकचं सामान लग्नाचा आहेर म्हणून पाठवलं. एलिझाबेथ स्वतः गर्ल गाइड होती, त्यामुळे त्या आहेराला आपलेपणाही होता. केक मॅकव्हिटी अँड प्राइसने केला. सामान इतक्या लांबून आलं म्हणून त्याला 'दहा हजार मैलांचा केक' म्हणायचे. दोन्ही घराण्यांची राजचिन्हं, वधूवरांची आद्याक्षरं, सैन्याची आणि नौदलाची बोधचिन्हं आणि दोघांच्या आवडीच्या छंदांच्या छोट्या साखरेच्या आकृत्या त्यावर होत्या. कापला तो तलवारीने. राजाने जावयाला लग्नाची भेट म्हणून दिलेली तलवार होती ती. शिवाय आणखी अकरा केक भेट म्हणून आले होते.

आपल्याकडचे धागेही याच लग्नाला जोडलेले आहेत. फिलिपचे मामा लॉर्ड माउंटबॅटन तेव्हा दिल्लीत गव्हर्नर जनरल होते, ते लग्नासाठी लंडनला गेले. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं वस्त्र भेट पाठवलं होतं, त्यावर 'जय हिंद' विणलेलं होतं. हैदराबादच्या निजामाने दागिने दिले. म्हणजे एका बाजूला हिऱ्यांचा हार, दुसऱ्या बाजूला हातकताईचं सूत आणि मधे मुलींनी पाठवलेल्या साखरेचा केक.

वेलदोडाताई म्हणतात तसं, तुकडा दूर जायचा म्हणून तो टिकाऊ. इथे तर आधी साखर दूरवरून आली. त्या केकची चव कशी होती याला माझ्या लेखी महत्त्व नाही. ज्यांच्या घरी आठवड्याची साखर मोजून मिळत होती त्यांना तो केक बघून काय वाटलं असेल, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

---

लेस्टरची_उन्हं

जुनी_पानं, वाचताना भरून आलं. माझ्या शेजारच्या वयस्कर बाई रेशनच्या दिवसांतल्या लग्नांचं सांगतात. कित्येकांच्या केकवर पुठ्ठ्याचा पांढरा मनोरा असायचा, भाड्याने आणलेला. तो उचलला की खाली छोटासा साधा केक. साखरेच्या आयसिंगवर तेव्हा बंदी असायची म्हणून पुठ्ठा.

---

वसईचा_पाव

आमचा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचा ख्रिस्ती समाज. आमच्या लग्नात केक असतोच, आणि आजीच्या पिढीत तो फ्रूट केकच असायचा, मार्झिपान आणि पांढऱ्या आयसिंगसकट. वसईपासून वांद्र्यापर्यंत जुने बेकर हे काम हाताने करायचे. त्यामुळे हा धागा वाचताना मला परक्या राजवाड्यापेक्षा आमचा मांडवच जास्त दिसतोय.

फरक मार्झिपानमध्ये. आमच्याकडे ते बदामाऐवजी काजूचं करतात. काजू बारीक वाटून, साखर आणि अंड्याच्या पांढऱ्यात आटवून, गुलाबपाणी घालून. बदामाच्या मार्झिपानला किंचित कडसर वास असतो, काजूचं मऊ आणि दुधाळ लागतं. काजूत स्निग्धता असल्याने साखरपाकदादांनी सांगितलेला सुकवण्याचा नियम आम्हालाही पाळावा लागतो.

फळं रममध्ये काही महिने आधी भिजतात. बरणी हलवत राहायचं काम घरातल्या पोरांचं. आणि लग्नाला न आलेल्यांच्या घरी केक पोचवायचा, हे आमच्याकडे अजून आहे. आजारी माणूस असेल, म्हातारं कुणी असेल, पाव्हणे परतताना हातात पुडी देतात. म्हणून मी वेलदोडाताईंच्या बाजूने. लेमन केक मांडवात संपतो, फ्रूट केक दाराशी येतो.

---

उत्तरवारा

स्टॉकहोमहून नमस्कार. ब्रिटनबाहेरचं थोडं.

२०१० मध्ये इथे युवराज्ञी व्हिक्टोरिया आणि डॅनियल यांचं लग्न झालं. केक अकरा मजली, उंची सुमारे तीन मीटर, आणि थर गोल नव्हते, चार पाकळ्यांच्या क्लोव्हर पानाच्या आकाराचे होते. देशातल्या बेकर-मिठाईवाल्यांच्या संघटनेने तो भेट दिला. ब्रिटिश केकच्या शेजारी ठेवला तर हा अगदीच हलका दिसतो.

पण स्वीडनचा खरा राजघराण्याचा केक लग्नाचा नाहीच. प्रिन्सेस्टॉर्टा म्हणजे राजकन्यांचा केक. स्पंज, रासबेरीचा जॅम, व्हॅनिला कस्टर्ड, वर घुमटासारखं फेटलेलं क्रीम आणि सगळ्यावर पोपटी मार्झिपानची पातळ पोळी, माथ्यावर गुलाबी गुलाब. येनी ओकरस्ट्रोम या पाककलेच्या शिक्षिका होत्या. प्रिन्स कार्लच्या तीन मुली, मार्गारेता, मार्था आणि आस्त्रिद, त्यांच्याकडे शिकत. केक आधी नुसता 'हिरवा केक' होता, मुलींना इतका आवडायचा की नाव राजकन्यांचं पडलं. त्यातली आस्त्रिद पुढे बेल्जियमची राणी झाली आणि मार्था नॉर्वेची युवराज्ञी. आज हा केक इथल्या कुठल्याही बेकरीत मिळतो, कुणाच्याही वाढदिवसाला आणतात. मला ते फार आवडतं. राजवाड्यातला पदार्थ लोकांच्या टेबलावर उतरलाय.

नॉर्वे-डेन्मार्ककडे लग्नात क्रान्सेकाकेचा मनोरा असतो. बदामाची पूड, साखर आणि अंड्याचं पांढरं यांच्या कड्या भाजून, मोठीवर लहान अशा रचत न्यायच्या, सहसा अठरा. मैदा नाही, क्रीम नाही, त्यामुळे तोही चांगला टिकतो. म्हणजे टिकाऊपणासाठी फ्रूट केकच लागतो असं नाही.

---

गोडघाशी

उत्तरवारा, क्रान्सेकाके म्हणजे बदामाचीच मिठाई की! हे मला जमेल आणि चालेलही. माझा विरोध टिकण्याला नाहीच, बेदाण्यांना आहे.

आणि मी एकटी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये राणी एलिझाबेथची नात राजकन्या युजेनी हिच्या लग्नात रेड वेल्वेट आणि चॉकलेट केक होता, सोफी कॅबट यांनी केलेला. शरद ऋतूतले रंग, आयव्हीची पानं. एकाच वर्षात दोन राजविवाह आणि दोन्हीत फ्रूट केक नाही.

---

जुनी_पानं

खरं आहे, पण त्याच वर्षीची तिसरी गोष्ट ऐका. जुलै २०१८ मध्ये प्रिन्स लुईचा बाप्तिस्मा झाला. चहाबरोबर पाहुण्यांना जो केक दिला तो विल्यम-केटच्या लग्नाच्या केकचा राखून ठेवलेला मजला होता. लग्न २०११ चं. सात वर्षांनी तिसऱ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला तोच केक कापला! २०१३ मध्ये जॉर्जच्या वेळीही त्याच केकचा मजला होता. आईवडिलांच्या लग्नात भाजलेला केक मुलाच्या बाप्तिस्म्यात खायला मिळणं, हे लेमन स्पंज कसं देणार?

---

लिलावघर

इतका वेळ नुसता वाचत होतो. माझा छंद जुन्या वस्तूंचा, त्यामुळे केकच्या तुकड्यांचे लिलाव बघत असतो.

डायना-चार्ल्सच्या १९८१ च्या लग्नातला एक तुकडा ऑगस्ट २०२१ मध्ये १,८५० पौंडांना गेला. तो मुख्यतः आयसिंग आणि मार्झिपानचा पायथा होता, वर साखरेत काढलेलं राजचिन्ह. डब्यात ४० वर्षं. १९४७ च्या केकचा तुकडा २०२४ मध्ये कोल्चेस्टरच्या लिलावात २,२०० पौंडांना विकला गेला, अंदाज ५०० पौंडांचा होता. तो एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यात काम करणाऱ्या एका बाईंना लग्नाची आठवण म्हणून पाठवला होता. त्यांनी तो आयुष्यभर जपला.

पण सगळ्यात विलक्षण तुकडा सिंहासन सोडलेल्या राजाचा. एडवर्ड आणि वॉलिस सिम्प्सन यांचं लग्न ३ जून १९३७ रोजी फ्रान्समध्ये झालं, राजघराण्यातलं कुणी आलं नाही. केकचा एक तुकडा त्यांनी पांढऱ्या डबीत साटीनच्या फितीत बांधून ठेवला. वर दोघांची आद्याक्षरं आणि तारीख. १९९८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात तो २९,९०० डॉलरला गेला.

१९८१ च्या केकबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. अधिकृत केक चॅटमच्या नौदल पाकशाळेत झाला. मुख्य बेकर डेव्हिड एव्हरी. पाच मजली, पाच फूट उंच फ्रूट केक, काम १४ आठवडे चाललं. आणि एक नव्हे, हुबेहूब दोन केले, एकाला काही झालं तर दुसरा तयार असावा म्हणून. बाकी ठिकठिकाणच्या बेकर्सनी पाठवलेले मिळून त्या लग्नात वीसहून जास्त केक होते.

---

वेलदोडा

दोन केक करायची नौदलाची पद्धत मला मनापासून पटली. मोठ्या ऑर्डरीला मी निदान वरचा मजला जास्तीचा भाजते. रस्त्यात खड्डा लागला तर तोच आधी जातो.

---

तुळशीकट्टा

सर्वांना नमस्कार. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्याला आहे. हा धागा वाचून तिला दोन्ही हवंय, फ्रूट केक आणि लेमनही. घरात ज्येष्ठ मंडळी अंडं खात नाहीत. रॉयल आयसिंग अंड्याशिवाय होतं का? आणि दारूही नको. मग टिकेल का?

---

साखरपाक

काकू, होतं. काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं. गाळून, थंड करून फेटा, आयसिंग शुगर आणि लिंबू घाला. अंड्याच्या आयसिंगइतकं टणक होत नाही, सुकायलाही वेळ जास्त घेतं, पण डिसेंबरच्या कोरड्या हवेत काम होईल. त्यावर मजल्याचा भार मात्र टाकू नका.

रमऐवजी संत्र्याचा रस चालतो. फक्त मग तो केक महिनोन्‌महिने ठेवायचा नाही. फळं रसात रात्रभर भिजवा, फार तर दोन दिवस, तीही फ्रिजमध्ये. केक लग्नाच्या आठवड्यात भाजा आणि मुरवायचा विचार सोडा.

---

वेलदोडा

काकू, दोन्ही एकाच केकमध्ये बसतात. खालचा मोठा मजला फ्रूट केकचा ठेवा, वरचे दोन लेमनचे. जड खाली, हलकं वर. लेमनचा मजला स्वतःच्या पुठ्ठ्यावर घ्यायचा आणि खालच्या केकमध्ये लाकडी डॉवेल (जाड काड्या) घालून त्यांवर टेकवायचा. म्हणजे भार आयसिंगवर न येता डॉवेलवर येतो आणि साखरपाकदादांनी सांगितलेली अडचणही सुटते. डॉवेल सगळे एकाच मापाचे कापा, एक जरी कमी पडला तरी केक कलतो.

अंड्याशिवायचा लेमन स्पंज दही आणि खायच्या सोड्यावर छान होतो. बटरक्रीम साधं लोणी आणि आयसिंग शुगरचं घ्या, साताऱ्याच्या डिसेंबरमध्ये संध्याकाळी वितळणार नाही. मार्झिपान वसईच्या पद्धतीने काजूचं करा, फक्त अंड्याऐवजी थोडा साखरेचा पाक. मूळ चव तीच राहील.

पाहुण्यांना वाटायला फ्रूट केकचा वेगळा चौकोनी केक भाजा, मांडायचा नाही, नुसता कापायचा. त्याच्या छोट्या वड्या करून बटर पेपरमध्ये बांधा. दारू नसल्याने दोन-तीन दिवसांत पोचवून संपवा असं प्रत्येकाला सांगा. किती माणसं आणि ओव्हन कुठल्या मापाचा आहे ते कळवा, मी प्रमाण काढून इथेच देते.

---

तुळशीकट्टा

फार उपकार झाले. मांडायच्या केकला माणसं २५०, आणि वाटायला साधारण शंभर घरं. ओव्हन घरचाच आहे, १२ इंची टिन मावतो.

---

वसईचा_पाव

शंभर घरं म्हणजे घरच्या ओव्हनला चार-पाच पाळ्या. काकू, काजू मार्झिपानचं प्रमाण मी आईला विचारून उद्या टाकतो. वड्या बांधायला चार हात लागतील, मुलांना आदल्या दिवशी मोकळं ठेवा.